काकांची फाइल आणि माझ्या पाच बाटल्या

ऑफिसच्या वार्षिक तपासणीचा रिपोर्ट मेलवर आला तेव्हा मी मीटिंगमध्ये होतो. कॅमेरा बंद, माइक बंद, एक डोळा पीडीएफवर. साखर काठावर, ट्रायग्लिसराइड जास्त, एसजीपीटी 82, आणि सोनोग्राफीच्या कागदावर अगदी शेवटच्या ओळीत ‘ग्रेड 2 फॅटी लिव्हर’. दुपारी कॅन्टीनमध्ये हे सांगितलं तर टेबलावरच्या सहापैकी चौघांना हसू आलं. “बस? एवढंच? आम्हालाही आहे.” एकाने आपलं ग्रेड 3 असल्याचं अशा थाटात सांगितलं की जणू प्रमोशनच मिळालंय.

हैदराबादच्या आयटीवाल्यांना ही थट्टा सुचते, कारण पंगतीला सगळेच बसलेले आहेत. हैदराबाद विद्यापीठातले संशोधक आणि इथलेच यकृततज्ज्ञ यांनी मिळून केलेला एक अभ्यास 2025 साली प्रसिद्ध झाला. त्यात 345 आयटी कर्मचारी तपासले होते आणि त्यांतल्या 84 टक्के लोकांच्या लिव्हरमध्ये चरबी सापडली. भारतातल्या निरनिराळ्या अभ्यासांचा 2022 मध्ये एकत्रित आढावा घेतला गेला, त्यात प्रौढांमधलं प्रमाण 38 टक्क्यांच्या आसपास निघालं होतं. म्हणजे या बाबतीत आम्ही देशाच्या दुप्पट पुढे.

मला मात्र हसू आलं नाही. आमच्या घरात हा शब्द आधी एकदा येऊन गेला होता.

माझे काका, म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, काचीगुड्याच्या जुन्या घरात राहत. सरकारी नोकरी, एकादशीचा उपास, संध्याकाळी देवळापर्यंत एक फेरी. दारूचा थेंब कधी घेतला नाही, आणि घरात कुणी घेतलेली चाललीही नसती. 2019 च्या दिवाळीनंतर एका पहाटे त्यांना रक्ताची उलटी झाली. हॉस्पिटलात दुर्बीण घातल्यावर कळलं, लिव्हर घट्ट झाल्यामुळे अन्ननलिकेतल्या शिरा फुगल्या होत्या आणि त्यांतली एक फुटली होती. सिरॉसिस. तपासणाऱ्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, “किती वर्षांपासून पिता?”

काकू शेजारीच उभ्या होत्या. त्या क्षणी त्यांचा चेहरा कसा झाला ते मी विसरलेलो नाही. पुढे भेटायला येणाऱ्यांपैकी दोघातिघांनी जिन्यात एकमेकांना सांगितलं, “चोरून घेत असतील हो, त्याशिवाय लिव्हर जातं का?” काकूंच्या कानावर ते गेलंच. त्यांनी कुणाशी वाद घातला नाही. काका 2021 च्या हिवाळ्यात गेले, एकोणसाठाव्या वर्षी. तेराव्याला आलेल्या एका लांबच्या नातेवाइकाने पुन्हा तोच विषय काढला, तेव्हा माझे बाबा पानावरून उठून गेले.

हा गैरसमज आपल्याकडचाच आहे असं नाही. 1980 साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमधल्या युर्गन लुडविग यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 20 रुग्णांचा अभ्यास मांडला. लिव्हरचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली हुबेहूब दारुड्याच्या लिव्हरसारखा दिसत होता, पण ही माणसं पिणारी नव्हती. या आजाराला तेव्हा नावच नव्हतं, म्हणून त्यांनी ‘नॉन-अल्कोहोलिक’ असं नकारातून नाव दिलं. तेव्हापासून 43 वर्षं न पिणाऱ्या माणसाच्या आजाराच्या नावातही दारू राहिली. 2023 च्या जून महिन्यात जगभरच्या यकृत संघटनांनी मिळून ते नाव बदललं. आता त्याला चयापचयाच्या बिघाडातून येणारा आजार म्हणतात, आणि इंग्रजी आद्याक्षरांनी ‘मॅसल्ड’. काकूंना हे सांगितलं तर त्या एवढंच म्हणाल्या, “दोन वर्षं आधी बदललं असतं तर बरं झालं असतं.”

तर हे सगळं डोक्यात घेऊन मी त्या रात्री लॅपटॉप उघडला. आम्हा इंजिनिअर लोकांची एक खोड असते. प्रॉब्लेम दिसला की आधी कुठलं पॅकेज बसवता येईल ते पाहायचं. दोन तास वाचल्यावर एक शब्द हाती लागला: ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस. चरबीमुळे पेशीत घातक ऑक्सिजन तयार होतो, अँटिऑक्सिडंट तो नष्ट करतो. सरळ हिशेब. रात्री एकच्या सुमाराला कार्टमध्ये पाच बाटल्या होत्या. व्हिटॅमिन ई, ग्लुटाथिओन, मिल्क थिसल म्हणजे सिलिमरिन, ग्रीन टीचा अर्क, आणि काळ्या मिरीचा अर्क घातलेलं कर्क्युमिन. महिन्याला साडेतीन हजारांचा खर्च. एका बाटलीवर मोठ्या अक्षरांत ‘सेल्युलर हेल्थ’ असं छापलं होतं. बायको म्हणाली, “डॉक्टरांना विचारलंस का?” मी म्हणालो, “यात औषध काहीच नाही गं, सगळं नैसर्गिक आहे.”

चार महिन्यांनी पुन्हा रक्त तपासलं. एसजीपीटी 131.

आता मात्र लिव्हरच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी फोनवरच सांगितलं होतं, जे जे घेता ते सगळं पिशवीत घालून आणा. मी पाचही बाटल्या टेबलावर मांडल्या. त्यांनी एकेक उचलून मागची बारीक अक्षरं वाचली, कर्क्युमिनची आणि ग्रीन टीची बाजूला काढली, आणि मग पाचही पिशवीत परत घालून म्हणाले, “आठ आठवडे यातलं काहीही नाही. मग पाहू.” आठ आठवड्यांनी एसजीपीटी 79 वर आला. नक्की कशामुळे वाढला होता ते पाच गोष्टी एकदम चालू-बंद केल्यावर सिद्ध करता येत नाही. कोडमध्ये पाच बदल एकदम टाकले की बग कुठून आला ते कळत नाही, हे मी रोज ज्युनियर पोरांना शिकवतो. पण एवढं कळलं की ग्रीन टीचा घट्ट अर्क आणि मिरीसह कर्क्युमिन या दोन्हींमुळे लिव्हरला इजा झाल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. वरणातली हळद वेगळी. मिरीमुळे कर्क्युमिन रक्तात कितीतरी जास्त शोषलं जातं, आणि तीच त्या कॅप्सूलची जाहिरात असते. करोनाच्या काळात प्रतिकारशक्तीसाठी घरोघरी गुळवेल उकळली गेली. मुंबईच्या डॉक्टरांनी 2021 मध्ये ती घेतल्यानंतर लिव्हरला सूज आलेल्या सहा रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली होती. नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी, हे मी बायकोला ज्या खात्रीने सांगितलं होतं, ती खात्री त्या टेबलावर राहिली.

मग अँटिऑक्सिडंटची गोष्ट खोटीच का? नाही. इथे जरा थांबून पेशीच्या आत जायला हवं, कारण गंमत तिथे आहे.

लिव्हरमध्ये चरबी येते कुठून? आपण समजतो तळणातून. काही रुग्णांच्या शरीरात खुणेचे अणू सोडून त्यांच्या लिव्हरमधल्या चरबीचा माग काढला गेला होता. 2005 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात जवळपास 59 टक्के चरबी शरीरातल्या साठ्यांतून, म्हणजे मुख्यतः सुटलेल्या पोटासारख्या ठिकाणांहून रक्तात उतरून आलेली होती. 26 टक्के लिव्हरने स्वतःच साखर-पिठापासून तयार केलेली होती. थेट खाण्यातल्या तेलातुपातून आलेली होती फक्त 15 टक्के. मी दिवसातून चार वेळा इराणी चहा घ्यायचो, बरोबर दोन उस्मानिया बिस्किटं. भजी सोडल्याचा अभिमान बाळगत होतो, आणि लिव्हर मात्र त्या गोडापासून आपली चरबी शांतपणे बनवत होता.

ही चरबी जाळायचं काम मायटोकॉन्ड्रिया करतात. लिव्हरच्या एकेका पेशीत ते हजाराच्या घरात असतात. जाळताना इलेक्ट्रॉन एका टप्प्यावरून दुसऱ्या टप्प्यावर दिले जातात, आणि शेवटी ऑक्सिजनला मिळून पाणी होतं. पण भार वाढला की मधूनच थोडे इलेक्ट्रॉन गळतात आणि ऑक्सिजनला भलत्याच ठिकाणी चिकटतात. तयार होतो सुपरऑक्साइड. पेशी यासाठी तयार असते. सुपरऑक्साइड पकडणारं एन्झाइम 1969 साली मॅकॉर्ड आणि फ्रिडोविच यांनी शोधलं. ते त्याचं हायड्रोजन पेरॉक्साइड करतं, आणि पुढे कॅटलेज आणि ग्लुटाथिओनची यंत्रणा त्याचं पाणी करून टाकते. पण भार रात्रंदिवस राहिला की ही यंत्रणा कमी पडते. सुटलेले रेणू पेशीच्या आवरणातल्या चरबीला भिडतात आणि एकातून दुसरा अशी साखळी सुरू होते. तेल खवट होतं ना, तसंच काहीसं. व्हिटॅमिन ई नेमकं त्या आवरणात बसून ही साखळी तोडतं. जखमी पेशी हाका मारतात, रक्तातून आलेल्या आणि लिव्हरमध्येच राहणाऱ्या रक्षक पेशी जमतात, सूज येते. सूज वर्षानुवर्षं राहिली की शेजारी झोपलेल्या ताराकार पेशी जाग्या होऊन तंतू विणायला लागतात. जखमेवर खपली धरावी तसा हा डाग. तोच वाढून सिरॉसिस होतो.

म्हणजे मधली एक कडी तोडायची कल्पना मूर्खपणाची नव्हती. औषधविश्वात अँटिऑक्सिडंटने जीव वाचल्याचं पक्कं उदाहरणही आहे. पॅरासिटामॉलचा अतिडोस झाला की त्यातून निघणारं विष लिव्हरमधलं ग्लुटाथिओन संपवून टाकतं, आणि मग पेशी मरायला लागतात. अशा वेळी हॉस्पिटलात एन-अॅसिटिलसिस्टीन देतात. शरीर त्यातून ग्लुटाथिओन पुन्हा बनवतं. पहिल्या आठ तासांत दिलं तर लिव्हर जवळपास नेहमीच वाचतो. पण तिथे काय आहे ते पाहा: एक विष, एक वेळ, एक कमतरता, आणि मग विष येणं बंद. फॅटी लिव्हरमध्ये विष येणं बंद होत नाही. दिवसातून चार वेळा चहाबरोबर ते येत राहतं.

फॅटी लिव्हरमधला सर्वांत गाजलेला प्रयोग 2010 साली प्रसिद्ध झाला. मधुमेह नसलेले 247 प्रौढ, बायोप्सीने सूज सिद्ध झालेले. काहींना रोज 800 युनिट व्हिटॅमिन ई, काहींना पायोग्लिटाझोन, काहींना नुसती साखरेची गोळी. 96 आठवडे. शेवटी पुन्हा बायोप्सी. व्हिटॅमिन ई घेणाऱ्यांपैकी 43 टक्के लोकांच्या लिव्हरमध्ये ठरवलेली सुधारणा दिसली, नुसत्या गोळीवर 19 टक्के. हा फरक खरा आहे, आणि म्हणूनच काही निवडक रुग्णांना डॉक्टर आजही व्हिटॅमिन ई देतात.

माझ्यासारखा माणूस इथेच वाचणं थांबवतो आणि ऑर्डर टाकतो. मीही तसंच केलं होतं. पुढच्या ओळी मी नंतर वाचल्या. डाग, म्हणजे फायब्रोसिस, मात्र लक्षात येईल इतका कमी झाला नाही. आणि काकांना नेलं ते चरबीने नाही, डागाने. पुढच्याच वर्षी 8 ते 17 वयाच्या 173 मुलांवर तसाच प्रयोग झाला. एसजीपीटी टिकून खाली येण्याच्या कसोटीवर व्हिटॅमिन ई साध्या गोळीपेक्षा सरस ठरलं नाही. शिवाय 800 युनिट म्हणजे किती? आपल्याला दिवसाला लागतं त्याच्या सुमारे 35 पट. मूठभर शेंगदाण्यांतून अडीच मिलिग्रॅमच्या आसपास व्हिटॅमिन ई मिळतं, आणि गरज आहे 15 मिलिग्रॅमची. एवढ्या मोठ्या डोसचं दुसरं टोकही 2011 मध्ये पुढे आलं. 35,533 पुरुषांच्या एका प्रयोगात रोज 400 युनिट व्हिटॅमिन ई घेणाऱ्यांमध्ये प्रोस्टेट कॅन्सर 17 टक्क्यांनी जास्त आढळला. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांना रक्तस्रावाची भीती वेगळीच. आपल्या घरात ती हिरवी कॅप्सूल केसांना चोळायला आणि चेहऱ्याला लावायला असते, म्हणून ती औषध वाटत नाही एवढंच.

मला सगळ्यांत जास्त हलवलं ते जर्मनीतल्या एका अभ्यासाने, 2009 सालच्या. तरुण मुलांना चार आठवडे व्यायाम करायला लावला. निम्म्यांना सोबत रोज 1000 मिलिग्रॅम व्हिटॅमिन सी आणि 400 युनिट व्हिटॅमिन ई. व्यायामाने इन्शुलिनला शरीर जास्त दाद देतं, हा ठरलेला फायदा. कॅप्सूल न घेणाऱ्यांना तो मिळाला. घेणाऱ्यांना नाही. कारण व्यायाम करताना स्नायूत जे थोडे घातक रेणू तयार होतात, तेच पेशीला ‘जरा तयारीला लाग’ असा निरोप देत असतात. कॅप्सूलने निरोप्यालाच अडवलं.

आमच्या कामात याला फार ओळखीचं रूप आहे. रात्री अडीचला सर्व्हरचे अलर्ट यायला लागले की कंटाळलेला माणूस अलर्टच बंद करून झोपतो. सकाळपर्यंत स्क्रीन हिरवी असते. मी चार महिने नेमकं हेच करत होतो, साडेतीन हजार रुपये महिना देऊन.

त्या सुमारास एका रविवारी मी काकूंकडे गेलो होतो. सहज म्हणून विचारलं, काकांचे जुने कागद आहेत का. काकूंनी कपाटातून पुठ्ठ्याची फाइल काढली. सगळं काकांच्या अक्षरात, तारीखवार. त्यात 2014 सालचा एका शिबिरातला रिपोर्ट होता. सोनोग्राफीत ‘माइल्ड फॅटी लिव्हर’. शेजारी चिठ्ठी: तेलकट कमी, आणि एक लिव्हर टॉनिक, जेवणानंतर दोन चमचे. टॉनिकच्या लेबलावर, मी नंतर पाहिलं, ‘अँटिऑक्सिडंट’ हा शब्द होता. काकू म्हणाल्या, “पाच वर्षं घेतलं त्यांनी. एक दिवस चुकवलं नाही. पुन्हा तपासायला चला म्हटलं की म्हणायचे, टॉनिक चालू आहे ना.”

लिव्हर किती डागाळलाय याचा अंदाज देणारं एक साधं सूत्र आहे, फिब-4. ते 2006 साली दुसऱ्याच आजाराच्या रुग्णांसाठी तयार झालं, पण आता फॅटी लिव्हरमध्ये पहिल्या चाळणीसाठी जगभर वापरतात. वय गुणिले एसजीओटी. त्याला भागायचं प्लेटलेट गुणिले एसजीपीटीचं वर्गमूळ याने. प्लेटलेट हजारांत धरायच्या, म्हणजे 2 लाख 40 हजार असतील तर 240. उत्तर 1.3 च्या खाली असेल तर मोठा डाग असण्याची शक्यता कमी. 2.67 च्या वर असेल तर लगेच यकृततज्ज्ञांकडे जायचं. मधलं असेल तर फायब्रोस्कॅन. पस्तिशीच्या आत हे सूत्र फारसं चालत नाही, आणि पासष्टीनंतर खालची रेघ 2 धरतात. हे निदान नाही, नुसती चाळणी आहे.

माझं आलं होतं 0.8.

काकूंच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर मी फोनच्या कॅल्क्युलेटरवर काकांचे 2014 चे आकडे घातले. वय 52. एसजीओटी 61. एसजीपीटी 49. प्लेटलेट 1 लाख 32 हजार. उत्तर आलं 3.43.

मी पुन्हा घातले. तेच.

रक्ताची उलटी व्हायच्या पाच वर्षं आधी, सगळे आकडे त्या एका कागदावर होते. सोनोग्राफी ‘माइल्ड’ म्हणत होती, कारण सोनोग्राफी चरबी पाहते, आणि लिव्हर डागाळत जातो तशी कधी कधी चरबी कमीच होत जाते. एसजीपीटी 49 पाहून कुणी घाबरलं नसतं. प्लेटलेट कमी होत्या, पण त्या काळात हैदराबादेत डेंग्यूशिवाय प्लेटलेटकडे कोण बघतं? टॉनिकने काकांचं थेट काही बिघडवलं असेल असं मला म्हणता येत नाही. पण रोज दोन चमचे घेताना उपचार चालू आहे असं त्यांना वाटत राहिलं, आणि आम्हालाही. मी काकूंना उत्तर सांगितलं नाही. त्यांनी विचारलंही नाही. फक्त फाइल परत घेताना तो कागद त्यांनी सर्वांत वर ठेवला.

आता माझं काय झालं ते थोडक्यात, कारण त्यात सांगण्यासारखं नवीन फारसं नाही. डॉक्टरांनी दिलेला आकडा होता वजनाच्या 7 ते 10 टक्के. क्यूबामध्ये 293 लोकांवर वर्षभर झालेल्या अभ्यासात ज्यांनी 10 टक्के किंवा जास्त वजन उतरवलं, त्यांच्यातल्या 90 टक्के लोकांची लिव्हरची सूज गेली, आणि 45 टक्के लोकांचा डागही मागे हटला. डाग मागे हटणं हे व्हिटॅमिन ईला जमलेलं नव्हतं. अर्थात 10 टक्क्यांपर्यंत पोचले सगळ्यांपैकी दहातला एकच, हेही त्याच अभ्यासात आहे. म्हणून मी स्वतःला फार शहाणा समजत नाही.

मी 84 किलोवरून 76 वर आलो, अकरा महिन्यांत. बाहेरच्या चहाचे चारचे दोन केले, तेही बिनसाखरेचे. इराणी हॉटेलातला पोऱ्या अजून माझ्याकडे संशयाने बघतो. बिस्किटं बंद. ऑफिसात साखर-दूध न घातलेली कॉफी, कारण कॉफी पिणाऱ्यांमध्ये लिव्हरचा डाग कमी आढळतो असं बऱ्याच अभ्यासांत दिसलंय आणि ती मला आवडते. दुपारी डबा: ज्वारीची भाकरी, वरण, पालेभाजी, शेंगदाण्याची चटणी. आमच्या मराठवाड्याकडच्या पणजीचंच जेवण, बिर्याणीच्या शहरात हरवलेलं. सकाळी सुंदरय्या पार्कात पन्नास मिनिटं भरभर चालणं, आणि आठवड्यातून दोनदा वजनं उचलणं. तीन वेळा गाडी रुळावरून घसरली. एकदा रिलीजच्या आठवड्यात, एकदा चुलतभावाच्या लग्नात, आणि एकदा काहीच कारण नसताना.

शेवटच्या तपासणीत एसजीपीटी 38. फायब्रोस्कॅनमधला चरबीचा आकडा 312 वरून 248, घट्टपणा 6.1 वरून 5.2. पिशवीतल्या पाच बाटल्यांपैकी एकही पुन्हा उघडली नाही. माझ्या बाबतीत डॉक्टरांना व्हिटॅमिन ईची गरज वाटली नाही. दुसऱ्या कुणाला वाटेल, आणि डोस ठरवून, मुदत ठरवून ते देतील. ज्यांचा डाग पुढे गेलाय त्यांच्यासाठी आता खरी औषधंही येऊ लागली आहेत. रेस्मेटिरोमला 2024 च्या मार्चमध्ये अमेरिकेत परवानगी मिळाली, 2025 च्या ऑगस्टमध्ये सेमाग्लुटाइडला. आपल्याकडे केंद्र सरकारने हा आजार असंसर्गजन्य आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात घेतला तो 2021 च्या फेब्रुवारीत. काका गेले त्याच वर्षी.

कॅन्टीनमधल्या त्या चौघांनाही मी सूत्र दिलं. तिघांचं 1.3 च्या आत आलं. ग्रेड 3 वाल्याचं 1.7. आता तो हसत नाही, पण मला टाळतो. परवा लिफ्टमध्ये स्वतःहून म्हणाला, “अपॉइंटमेंट घेतली रे.”

मागच्या आठवड्यात काकूंचा फोन आला. त्या अशा बाबतीत कधी फोन करत नाहीत. “मी तपासून घेतलं रे. कागद पाठवलाय. तुझ्या त्या हिशेबात घालून बघ.” मी ऑफिसातच होतो. वय 60. एसजीओटी 41. एसजीपीटी 38. प्लेटलेट 2 लाख 10 हजार.

1.9.

या वेळी मी आकडा सांगितला, आणि त्याचा अर्थही. दोन सेकंद पलीकडून काही आवाज आला नाही. मग म्हणाल्या, “म्हणजे ते स्कॅन करावं लागणार. उपाशी यायचं का?” तीन तास काही खायचं नाही, म्हटलं. गुरुवारी सकाळी साडेनऊची वेळ मिळाली आहे. मी सुट्टी टाकली आहे.